श्वास भरण्याइतकेच सोडण्याकडे लक्ष हवे

गाताना ‘पोटापर्यंत जितका मावेल तितका श्वास भरून घ्यावा’ असा सल्ला दिला जातो. पोटाने श्वास घेण्याबद्दल दुमत नाही, परंतु ‘जितका मावेल तितका’ हे मला पटत नाही. फुप्फुसे काठोकाठ भरली की त्यांच्या अंगच्या लवचिकपणामुळे हवा जोराने बाहेर पडू पाहते आणि तो दाब गळ्याला पेलावा लागल्याने पहिलाच स्वर ताणलेला लागतो. श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला पडदा, हा मुळात श्वास आत घेणारा स्नायू आहे. गाताना हवा बेताने सोडण्याचे काम मुख्यतः बरगड्यांमधले आणि पोटाचे स्नायू करतात.

आपल्याकडे गोव्यात चतुर्थीत घुमट-शामेळ या तालवाद्यांच्या साथीने आरत्या म्हणताना हे चांगलेच जाणवते, कारण लय चढत जाते, कडव्यांमध्ये उसंत मिळत नाही आणि खांदे उचलून मोठा श्वास घेणारेच आधी दमतात. आमच्या भजनी मंडळात आम्ही तळहात खालच्या बरगड्यांवर टेकवून खर्जातला, म्हणजे खालच्या सप्तकातला, सा लावतो. स्वर चालू असेपर्यंत बरगड्या चटकन मिटू द्यायच्या नाहीत आणि आवाज थरथरण्याआधीच थांबायचे, एवढाच नियम. अभंगाच्या चरणात श्वास कुठे घ्यायचा, हेही अर्थ पाहून आधीच ठरवून ठेवावे.