मदत हवी आहे: समुद्रकाठच्या खानावळीच्या कोरीव पाटीसाठी लाकूड कोणतं घ्यावं?

नमस्कार मंडळी. मालवणात समुद्राजवळ आईची खानावळ आहे. बाहेर कोरीव अक्षरांची पाटी लावायची आहे, 4 फूट बाय 2 फूट. आधीची एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाची) होती. ऑइलपेंट देऊनही पहिल्याच पावसात कडा फुगल्या, अक्षरं फुटली. आईला फार वाईट वाटलं.

सुतारकाका म्हणतात, जुनं सागवान घे, पण गाभ्याचंच, कडेचं पांढरं लाकूड नको. घरी फणसाच्या फळ्या आहेत, मला त्याच वापराव्याशा वाटतात. उघड्यावर टिकतील का? कोरलेल्या खाचांत पाणी साचतं, तिथे पीयू (पॉलियुरेथेनचं वॉर्निश) लावावं की जवसाचं तेल? स्क्रू 316 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचेच घेणार, खाऱ्या हवेत नेहमीच्या 304 ग्रेडवरही तांबूस डाग पडतात. किनाऱ्यावर कुणाची लाकडी पाटी 5-6 पावसाळे टिकली असेल तर कृपया सांगा.