डब्याबरोबर आलेला कपलर पुरतो म्हणे. नाही पुरत!

रूळवेडा

परवा मॉडेल रेल्वेच्या नवशिक्यांसाठी चार सल्ले देणारी एक पोस्ट आली होती. त्यातला चौथा सल्ला असा: कपलर (दोन डबे जोडणारी कडी) बदलायच्या फंदात पडू नका, डब्याबरोबर येतो तोच ठेवा, गाडी सुटली तर दोष रुळांचा. खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. दोन दिवस गप्प बसलो, पण आता राहवत नाही. हाच सल्ला ऐकून माझी पहिली तीन वर्षं वाया गेली आहेत.

माझ्याकडे एचओच्या (खऱ्या गाडीच्या सुमारे १/८७ मापाच्या) साठेक वाघिणी, म्हणजे मालडबे, आहेत, निरनिराळ्या कंपन्यांच्या आणि काळातल्या. काहींना जुने हॉर्न-हुक जातीचे कपलर होते, बऱ्याच जणींना प्लास्टिकचे नकल (खऱ्या गाडीसारखे, बोट मिटून पकडणारे), चार-पाचांना धातूचे. हॉर्न-हुक ओढताना तक्रार करत नाही, पण तीच गाडी मागे ढकलून बघा. त्याची पकडच आडव्या दाबावर असते, दोन्ही हुक एकमेकांना बाजूला रेटत असतात. ढकलताना रेटा वाढला की हलक्या वाघिणीचं चाक रुळावर चढतं आणि सांध्यावर (रूळ बदलतात त्या जागी) गाडी आडवी. मी तो सांधा तीनदा उखडून पुन्हा बसवला. सांध्यात काहीही नव्हतं.

प्लास्टिकच्या नकलचं दुखणं वेगळं. काहींत नकल मिटवायला धातूची स्प्रिंग नसते, प्लास्टिकचीच एक बारीक जीभ असते. माझी बावीस वाघिणींची गाडी चढावर हमखास पुढून सातव्या-आठव्या डब्यापाशी सुटायची. एकदा त्या वाघिणीची नकल नखाने उघडून सोडली, तर ती अर्ध्यावरच थांबली. भिंगातून पाहिलं तेव्हा जीभ वाकून मुळाशी पांढरी पडलेली दिसली. तिच्यात जीवच उरला नव्हता.

मग सरसकट केडी कंपनीचे धातूचे बसवले. १४८ नंबर, ज्यात कपलर मध्यावर आणणाऱ्या मिशा दांड्यालाच असतात. केडीचं पेटंट संपल्यावर बाकीच्यांनी तोच आकार प्लास्टिकात ओतला. आकार आला, गुण आला नाही. नवशिक्यांनो, पहिल्या दिवसापासून एकच जात ठरवा आणि ती धातूची ठरवा.

यार्डमास्तर

तीन वर्षं वाया गेली ती कपलरमुळे नाही, मोजमाप न केल्यामुळे. एचओमध्ये कपलरचा मध्य रुळाच्या माथ्यापासून २५/६४ इंचावर हवा, म्हणजे जेमतेम दहा मिलिमीटर. साठातल्या किती वाघिणी उंचीच्या गेजसमोर उभ्या केल्या होत्या तुम्ही? चढ जिथे सुरू होतो तिथे एक डबा नाक वर करतो, दुसरा खाली. उंचीत आधीच फरक असेल तर नकल नकलवरून वर सरकून सुटणार, मग ती सोन्याची का असेना. सातव्या-आठव्या डब्यापाशी सुटते म्हणताय, त्या डब्याची उंची काय होती ते कुठेच नाही तुमच्या पोस्टमध्ये.

माझ्याकडे प्लास्टिकचे नकल बारा वर्षं चालू आहेत. रोज शंटिंग होतं. गाड्या आठ-दहा डब्यांच्याच, पण चालतात.

आणि धातूचा एक तोटा तुम्ही गाळलात. दोन इंजिनं जोडून चालवताना दोघांची चेसिस विजेशी जोडलेली असेल आणि बाजू उलटसुलट असतील, तर धातूचा कपलर सरळ शॉर्ट करतो. जुन्या पितळी इंजिनांत हे नेहमीचं. माझ्या एका इंजिनाचा असाच धूर निघाला. तेव्हापासून इंजिनाला मी प्लास्टिकच्या दांड्याचाच लावतो.

रूळवेडा

शॉर्टचा मुद्दा मान्य. इंजिनाला (कपलर ज्यात बसतो ती) प्लास्टिकची डबी वापरून धातूचा कपलर चेसिसच्या विजेपासून अलग ठेवता येतो, पण ते मी लिहायला हवं होतं.

गेजचं विचाराल तर तेव्हा माझ्याकडे गेज नव्हता. धातूचे बसवताना घेतला. एकोणीस वाघिणी खाली निघाल्या, बोगीवर (डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्यावर) वॉशर घालून वर घेतल्या. पण त्यामुळे ती पांढरी पडलेली जीभ बरी झाली नसती. आठ-दहा डब्यांच्या गाडीवरून बावीस डब्यांच्या गाडीला सल्ला देऊ नका. पहिल्या कपलरवर सगळ्या गाडीचं ओझं असतं.

यार्डमास्तर

म्हणजे कपलर आणि उंची दोन्ही एकाच दमात बदलली, आणि श्रेय सगळं कपलरला. एकोणीस वाघिणी! हे पहिल्या पोस्टमध्ये का नव्हतं? नवशिका हे वाचून साठ कपलर विकत घेईल आणि एकही वॉशर घालणार नाही.

लांबडबा

तुम्ही दोघं वाघिणीवाले. ८५ फुटी प्रवासी डबा एचओमध्ये जवळपास ३० सेंटिमीटरचा होतो. १८ इंच त्रिज्येच्या वळणावर त्याची टोकं इतकी बाहेर येतात की कपलर डब्याच्या अंगाला बसवला तर शेजारच्या डब्याला रुळावरून खेचून काढतो. मी हौसेने सहा डब्यांच्या बोगीवरचे कपलर काढून अंगाला बसवले आणि पहिल्याच फेरीत सहाही घसरले. बोगीवर बसवलेल्या कपलरला सगळे नावं ठेवतात, ढकलताना बोगी तिरकी होते म्हणून. होते, खरं आहे. पण प्रवासी गाडी मी उलटी ढकलतो कधी? वळण मोठं करायला जागा नसेल तर बोगीवरचाच ठेवा, नाहीतर लांब दांड्याचा घ्या.

काडीवाला

सगळं ठीक आहे, पण धातूचा असो की प्लास्टिकचा, त्याच्या खाली लोंबणारी ती वाकडी तार आधी कापा. ट्रिप पिन म्हणतात तिला. खऱ्या गाडीत तिथे हवेचा पाइप असतो, तार तशी मुळीच दिसत नाही. थोडी खाली आली की सांध्यात आणि फाटकाच्या फळीत अडकते. माझी निम्मी घसरणी त्या तारेने झाली होती. सगळ्या कापल्या आणि रुळांमधले चुंबकही काढून टाकले. गाडी सोडवायची तर बांबूची टोकदार काडी दोन नकलांच्या मध्ये घालून फिरवतो, क्षणात सुटते.

यार्डमास्तर

कापा? ती तार म्हणजेच त्या कपलरचं अर्धं मोल आहे! चुंबकावर गाडी थांबवायची, किंचित मागे घ्यायची, चुंबक तार ओढतो आणि नकल उघडते. मग पुढे जाऊन पुन्हा मागे ढकलायचं. दोन्ही कपलर बाजूला सरून एकमेकांना टेकतात पण जुळत नाहीत. डबा हव्या त्या जागी नेऊन ठेवायचा आणि इंजिन मोकळं परत आणायचं. हात लावायचाच नाही. केडी ज्यांच्या नावांवरून पडलं, त्या किथ आणि डेल एडवर्ड्स या जुळ्या भावांनी हेच तर साधलं. तुम्ही ते पक्कडीने छाटता आणि वर लोकांना छाटायला सांगता.

अडकते म्हणालात. तार रुळाच्या माथ्यावर १/३२ इंच हवी, गेजवर तेही दिसतं. वाकवायची पक्कड वेगळी मिळते. आधी वाकवून बघितली होती का?

काडीवाला

बघितली होती. प्रत्येक डब्याची. दोन महिन्यांनी निम्म्या पुन्हा खाली. आणि चुंबकाचं कौतुक मला सांगू नका. कायमचा चुंबक मुख्य मार्गावर असेल तर वरून जाताना गाडीचा जोड जरा सैल पडला की ती मधोमध सुटते. शिवाय ज्या वाघिणींचे आस पोलादी, त्या चुंबकाजवळ आपोआप सरकतात. डबा सोडून इंजिन मागे न्यावं तर डबा चालत चुंबकावर येऊन बसतो. हे मी माझ्या डोळ्यांनी वर्षभर पाहिलंय.

यार्डमास्तर

मुख्य मार्गावर कायमचा चुंबक कोणी घालायला सांगितलं होतं? तिथे विजेचा घालतात, बटण दाबेपर्यंत मेलेला असतो. आसही बदलून मिळतात. आणि तुमच्या काडीचं सांगू? माझ्याकडे एक मित्र काडी घेऊन आला होता. मागच्या रुळावर हात पोचेना म्हणून वाकला आणि कोपराने सिग्नलचा खांब मोडला. तो खांब मी हाताने सोल्डर केला होता. तेव्हापासून माझ्या लेआउटवर काडी बंद.

काडीवाला

खांब कोपराने मोडला. काडीने नाही.

नऊ मिलिमीटर

एन स्केलवाल्यांना (एचओहून लहान मापाच्या गाड्या चालवणाऱ्यांना) या चर्चेत कोणी विचारतच नाही. आमच्याकडे अजून निम्मे डबे जुन्या रॅपिडो कपलरचे आहेत. दिसायला चौकोनी ठोकळा, पण ओढायला घट्ट. मी नकलवर गेले आणि गाडीचा शेवटचा डबा मागेपुढे हिंदकळायला लागला, कारण दांड्यामागची स्प्रिंग दाबते-सोडते. शेवटच्या डब्याच्या एका आसाला बारीक स्प्रिंग लावून किंचित ब्रेक दिला तेव्हा थांबलं. विश्वासाचं म्हणाल तर रॅपिडो कधी सुटलाच नाही. धातू-प्लास्टिकच्या भांडणात हे कुठे बसवता ते तुम्हीच ठरवा.

रूळवेडा

धागा कपलर निवडण्याचा होता, तार कापण्याचा झाला. काडीवाले, तारा तुमच्या, कापा. पण नवशिक्याला सांगू नका, कापलेली तार परत येत नाही.

यार्डमास्तर, तुमचं बोलणं डोक्यातून जाईना. म्हणून काल रात्री बसलो. काढून ठेवलेल्या जुन्या प्लास्टिकच्या कपलरांपैकी ज्यांची जीभ शाबूत आहे असे चोवीस निवडले, म्हणजे बारा वाघिणींपुरते. डबीत साच्याची कड राहिली होती ती बारीक कानशीने घासली, चिमूटभर कोरडी ग्रॅफाइट पूड टाकली. कपलर बोटाने बाजूला दाबून सोडला की झटकन मध्यावर येईपर्यंत एकही पुढे जाऊ दिला नाही. बाराही गेजवर तपासल्या, वजनं एनएमआरएच्या (अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेच्या) हिशोबाने भरली, एक औंस आणि लांबीच्या दर इंचाला अर्धा. चढावर वीस फेऱ्या काढल्या. एकदाही सुटली नाही.

मग मागे धातूवाल्या दहा जोडून बावीस केल्या. सहाव्या फेरीला सुटली. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये, प्लास्टिक-प्लास्टिकमध्ये. दोन्हींची उंची लगेच पुन्हा मोजली, केसाचाही फरक नाही.

यार्डमास्तर

बारा डब्यांपर्यंत उंची नीट असली की प्लास्टिक पुरतं, हे मी म्हणत होतो. बावीसला पुरत नसेल, मी कधी जोडल्या नाहीत. लांब गाडीत निदान पुढचे डबे धातूचे हवेत, एवढं मानतो. त्या तिसऱ्या-चौथ्याच्या जिभेचा जवळून फोटो टाका.