कोंबड्यांना वकील मिळाला, आता आम्हाला कोण?

आडसाली:
काल भाच्याने ग्रुपवर जाहिरात टाकली. पोल्ट्रीतल्या आणि गोठ्यातल्या जनावरांच्या हालांवर कायद्याचं संशोधन करायला तरुण वकिलांना वर्षभर फेलोशिप, वर दरमहा मानधन. खाली एका शहाण्याने लिहिलंय, "शेतकऱ्याला जनावर म्हणजे मशीन वाटतं, त्याला कायद्यानेच वठणीवर आणायला हवं." तेवढ्यासाठी हा धागा. अरे बाबा, आमच्याकडे बेंदराला बैलाने पुरणपोळी खाल्ल्याशिवाय माणसं जेवत नाहीत. या पोरांनी कधी शेण काढलंय का? कायदाच करायचा तर हमीभावाचा करा.

काळा_कोट:
पुरणपोळी वर्षातून एकदा. बाकीच्या ३६४ दिवसांचं बोला. शिवाय संशोधन शेतकऱ्यावर नाही, कायद्यावर आहे, आणि त्याची गरज आहेच. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. दोन वडापावांत क्रूरता मिटली. कलम ११ म्हणतं, हलता येणार नाही अशा पिंजऱ्यात जनावर कोंडणं गुन्हा. आणि अंड्यांच्या कोंबडीला जन्मभर पंख पसरता येत नाहीत. विधी आयोगाने २०१७ मध्ये यावर २६९ वा अहवाल दिला. २०२३ मध्ये नियम आले, तेही पक्ष्यामागे जागा फक्त ५५० चौरस सेंटिमीटर. प्रिंटरमधला ए-फोर कागद ६२४ भरतो, मोजून बघा. यावर कुणी वर्षभर डोकं लावलं तर तुमच्या पोटात का दुखतं?

मरतूक_५_टक्के:
मी करारावर ब्रॉयलर करतो. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. शेड माझं, कर्ज माझं, मेलेला पक्षी माझ्या हिशोबात. मागच्या एप्रिलात माल उचलायची गाडी दहा दिवस उशिरा आली. पक्षी अडीच किलोच्या वर गेले, दुपारी चोची उघड्या टाकून धापा टाकायचे. ओली पोती लावली, पत्र्यावर पाणी मारलं. चारशे गेले. खड्डा मी आणि बायकोने खणला. सुपरवायझर म्हणाला, "मॅनेजमेंट कमी पडलं." जागा वाढवा म्हणता, वाढवतो की. शेडचे पैसे कोण देणार? त्या फेलोशिपवाल्याला म्हणावं, आधी माझं करारपत्र वाच.

काळा_कोट:
हे मान्य. करारांचा विषय जाहिरातीत नाही, हवा होता.

आडसाली:
चारशे कोंबड्या मेल्यावर वकीलसाहेबांनी एक मुद्दा मान्य केला. उपकार झाले.

खिल्लार_९६:
कोंबडीपुराण पुरे. बैलाचं काय? गाय राज्याच्या १९७६ च्या कत्तलबंदी कायद्यातच होती, २०१५ ला बैलही घातला. कापला तर पाच वर्षांपर्यंत कैद. तेव्हापासून म्हाताऱ्या बैलाला बाजारात कुणी हात लावेना. आमच्या शेजाऱ्याने रात्री टेम्पोत घालून तीन गावं पलीकडे सोडला. चौथ्या दिवशी पहाटे दारात उभा, मागच्या पायात काटेरी तार रुतलेली. हे कल्याण?

काळा_कोट:
तो राज्याचा वेगळा कायदा आहे. विषय भरकटवू नका.

खिल्लार_९६:
बैल निघाला की विषय भरकटतो. शहरात बसून तुम्हाला काय जातंय?

सोनचाफा:
गोशाळेत द्यायचा ना.

खिल्लार_९६:
ताई, कडब्याची पेंढी कितीला पडते ते सांगा, मग बोलू.

वगार:
बैल, कोंबडी झालं. रेडकाचं कोण बोलणार? म्हशीला वगार, म्हणजे मादी, झाली की घरात पेढे, नर रेडकू झालं की त्याला दुधाचा थेंब नाही. माझ्या सासरी गोठ्याच्या मागे हातभर दाव्याला बांधायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी ओरडणं थांबायचं. मग कातड्यात भुसा भरून म्हशीपुढे ठेवायचे, पान्हा सोडावा म्हणून. म्हैस ते चाटत राहायची. मी तेव्हापासून चहा कोरा पिते. उपाशी ठेवणंही त्याच कलम ११ मध्ये गुन्हा आहे. तुमच्या पंचक्रोशीत कुणावर केस झालेली ऐकलीत? पुरणपोळीवाल्यांनी सांगावं.

आडसाली:
आमच्याकडे असलं काही करत नाहीत.

वगार:
मग तुमच्या म्हशींचे रेडे कुठे आहेत? एखादा मोठा झालेला दाखवा.

खिल्लार_९६:
ताई, तुम्ही वैयक्तिक जाताय.

वगार:
गोठा वैयक्तिकच असतो.

आडसाली:
एक वाढवला होता. विकला. कुणाला ते विचारू नका.

काळा_कोट:
अर्जाची मुदत महिनाअखेर आहे. माझी ज्युनियर भरतेय. मरतूकभाऊ, करारपत्राचे फोटो पाठवाल का? नावं झाकून.

मरतूक_५_टक्के:
चौदा पानं आहेत, सगळी इंग्रजीत. सही करताना मीही वाचली नव्हती. संध्याकाळी लाइट आली की पाठवतो.