नववीत बास्केटबॉल सुरू करणाऱ्या मुलाच्या पालकांना टिम डंकन यांचे उदाहरण द्यावे का?

क्रीडाशिक्षक, समुद्रपूर तालुका
नमस्कार. मी वर्धा जिल्ह्यातील एका गावी शारीरिक शिक्षण शिकवतो. आमच्याकडे मुले कबड्डी आणि खो-खोमध्ये तयार होतात. बास्केटबॉलसाठी मैदानाच्या टोकाला एकच खांब आहे. यंदा नववीत आलेल्या एका उंच मुलाला या खेळाची ओढ लागली आहे, परंतु सुरुवात पाचवीतच व्हायला हवी होती आणि आता दहावीकडे लक्ष द्यावे, असे त्याच्या वडिलांचे म्हणणे आहे. अमेरिकेतील निवृत्त व्यावसायिक खेळाडू टिम डंकन यांनीही नववीतच सुरुवात केली होती. त्यांच्याविषयी या वडिलांना नेमके काय सांगावे?

जुना प्रेक्षक, नागपूर
गुरुजी, अवश्य सांगा, पण सगळे सांगा. डंकन यांचा जन्म १९७६ मध्ये कॅरिबियन समुद्रातील सेंट क्रॉय बेटावर झाला. वडील गवंडी, आई सुईण. ते मुळात जलतरणपटू होते आणि त्यांची बहीण १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये पोहली होती. १९८९ च्या सप्टेंबरमध्ये ह्यूगो चक्रीवादळाने बेटावरचा ऑलिंपिक आकाराचा एकमेव तलाव उद्ध्वस्त केला, आणि पुढच्याच वर्षी, त्यांचा चौदावा वाढदिवस तोंडावर आला असताना, आई कर्करोगाने गेली. त्यानंतर ते बास्केटबॉलकडे वळले. म्हणजे या खेळात ते उशिरा आले, पण सरावाची शिस्त आणि दम त्यांनी पाण्यातच कमावला होता. तुमचा विद्यार्थी कबड्डी खेळला असेल, तर त्याच्या पायांतली चपळाईही अशीच कामी येईल.

१९९७ मध्ये अमेरिकेतील व्यावसायिक संघांनी नवे खेळाडू निवडले, तेव्हा सॅन अँटोनियो स्पर्स संघाने त्यांना पहिल्या क्रमांकावर निवडले. आधीच्या हंगामात केवळ २० सामने जिंकलेल्या या संघाने त्यांच्या पहिल्या हंगामात ५६ जिंकले. अर्थात दुखापतीतून परतलेले संघातील ज्येष्ठ खेळाडू डेव्हिड रॉबिन्सन हेही त्याचे मोठे कारण होते. सलग १९ हंगाम एकाच संघाकडून खेळून डंकन यांनी पाच विजेतेपदे मिळवली. मला सर्वांत मोलाचे वाटते ते २०१४ चे. २०१३ च्या अंतिम मालिकेतील सातव्या सामन्यात, शेवटच्या मिनिटात, अगदी जवळून टाकलेला त्यांचा चेंडू आत गेला नाही आणि मायामी संघ जिंकला. पुढच्या वर्षी, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, त्यांनी त्याच संघाला ४-१ असे हरवले.

फळीवाला, हिंगणघाट
त्यांची ओळख ठरलेला फटका खेड्यातल्या मैदानावरही शिकवता येतो. कड्याच्या (चेंडू ज्यातून जातो त्या रिंगच्या) बाजूला साधारण ४५ अंशांच्या कोनात उभे राहून ते चेंडू फळीवरील चौकोनाच्या वरच्या कोपऱ्यावर मारत आणि तो तेथून कड्यात उतरे. मात्र फळी पत्र्याची असेल तर चेंडू मरतो. जाड प्लायवूडची, १८० बाय १०५ सेंटीमीटरची फळी बसवा, कडे ३०५ सेंटीमीटर उंचीवर ठेवा आणि ५९ बाय ४५ चा चौकोन असा रंगवा की त्याची खालची रेघ कड्याच्या पातळीत येईल.

क्रीडाशिक्षक, समुद्रपूर तालुका
आभारी आहे. फळीचे काम गावातल्या सुताराकडून करून घेता येईल. पण वडिलांची खरी काळजी शिक्षणाची आहे.

एक आई, यवतमाळ जिल्हा
सर, मग त्यांच्यापुढे वेक फॉरेस्ट विद्यापीठाची चार वर्षे ठेवा. शिक्षण अर्धवट सोडून मोठ्या मानधनाच्या व्यावसायिक खेळात जाण्याची संधी समोर असतानाही, पदवी पूर्ण करण्याचे आईला दिलेले वचन पाळण्यासाठी डंकन थांबले आणि मानसशास्त्राची पदवी घेऊनच १९९७ मध्ये बाहेर पडले. कास्तकाराच्या घरात पिकाचा भरवसा नसतो, म्हणून वडिलांची भीती मला रास्त वाटते. मुलगा डंकन होईल असे त्यांना सांगू नका. डंकन यांची उंची ६ फूट ११ इंच होती, हेही विसरून चालणार नाही. १७ वर्षांखालील शालेय स्पर्धा त्याच्यासाठी अजून खुल्या आहेत आणि नियमांत बसल्यास दहावीला क्रीडागुणही मिळतात, एवढे सांगा आणि सरावाची वेळ शाळा सुटल्यावर तासभरच ठेवा.