नुसती कलमं पाठ करायची नसतात

भाचीला बारावीनंतर लॉला घालावं का, तिथे नुसती कलमं पाठ करायची असतात का, असं इथे एकांनी विचारलंय. मी रत्नागिरीत दिवाणी वकिली करतो, म्हणून लिहितो.

बारावीनंतरचा कोर्स ५ वर्षांचा. सुरुवातीला राज्यशास्त्र, अर्थशास्त्र वगैरे, जोडीला करार, संविधान, फौजदारी कायदा. पुस्तकं नवीच घ्या. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आलीय. फौजदारी प्रक्रिया आणि पुराव्याचा कायदाही बदललाय.

कोकणातल्या मुलीनं जीव लावून शिकावेत ते कुटुंब कायदा, मालमत्ता हस्तांतरण आणि जमीन कायदे. माझ्याकडे एक सातबारा आला होता: २२ गुंठे आंब्याच्या कलमांची बाग आणि ३१ नावं. त्यातली कितीतरी माणसं वारलेली, वारसनोंद नाही, निम्मे लोक मुंबईत. आणि आत्याचं नावच नाही, का तर तिचं लग्न झालं! मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क देणारी हिंदू उत्तराधिकार कायद्यातली २००५ ची दुरुस्ती वर्गात नीट समजली असेल तर आत्याचा हक्क कसा मांडायचा ते कळतं. दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या कुळांचे हक्क ठरवणारा १९४८ चा कूळ कायदा आणि खोतांची, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदारांची, पद्धत मोडणारा १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा कळल्याशिवाय तर इथले जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी, वाचताच येत नाहीत.

दावा, कैफियत (दाव्याला प्रतिवादीचं उत्तर), खरेदीखत लिहायला शिकवणारा पेपरही असतो. तो बरेच जण हलक्यात घेतात. तिला तो मनापासून करायला सांगा, आणि सुट्टीत इथल्या कोर्टात बसवा. माझ्याकडे पाठवलीत तरी चालेल.