मदत हवी आहे: चॅटबॉटने उत्तर न सांगता फक्त वाट दाखवावी, कसं जमवायचं?

नमस्कार मंडळी. मी आठवीला गणित शिकवते. गृहपाठात अडलेल्या मुलांसाठी चॅटबॉट वापरून पाहतेय आणि एका जागी घोडं अडलंय.

सुरुवातीच्या सूचनेत मी लिहिलं, 'थेट उत्तर देऊ नकोस, एका वेळी एकच प्रश्न विचार.' पहिले दोन-तीन प्रश्न झकास. पण मुलाने तीनदा 'मला येत नाही' म्हटलं की स्वारी विरघळते आणि अख्खं गणित सोडवून मोकळी! मुलांना ही युक्ती एका दिवसात कळली. पाढे मात्र वर्षभर पाठ होत नाहीत.

दुसरी अडचण जास्त गंभीर. −३² चं उत्तर एका मुलीने ९ सांगितलं आणि बॉटने 'अगदी बरोबर' म्हणून पाठ थोपटली. उत्तर −९, वर्ग आधी, उणे नंतर. चॅटबॉटमागचं भाषेचं मॉडेल पुढे कोणता शब्द येईल याच्या अंदाजावर वाक्य रचतं, त्यामुळे चुकूही शकतं, हे मला ठाऊक आहे. त्या मुलीला कुठून असणार?

अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठात २०१६ साली प्राध्यापक अशोक गोयल यांनी 'जिल वॉटसन' हा संगणकी मदतनीस आणला, पण तो मुख्यतः नेहमीच्या ठरावीक शंकांसाठी होता. माझी गरज वेगळी आहे.

सोडवलेल्या पायऱ्या आणि नेहमीच्या चुका आधीच सूचनेत देऊन कुणी पाहिलंय का? संभाषण लांबलं की सूचना पुन्हा द्यावी लागते का? आणि बॉटची चूक शोधणाऱ्याला गुण, हा प्रयोग कुणी केला असेल तर तो कसा झाला, तेही सांगा.