मदत हवी आहे: माशांचे २ लाख जिरे सोडले, चार दिवसात गायब, पाणी तर हिरवंगार

तळेवाला_अंबड:
रामराम मंडळी. धागा कुठं टाकावा कळेना म्हणून शेती विभागात टाकतोय. मी अंबड तालुक्यातला, जिल्हा जालना. मोसंबी आहे आणि मोसंबीसाठी केलेलं शेततळं आहे, त्यात दोन वर्षं झाली रोहू, कटला, मृगळ सोडतो. बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, विकत आणायची म्हणजे दरसाल रडगाणं, गाडी उशिरा येते, निम्मी पिशवीतच मेलेली आणि मोजताना जो हात मारतात तो वेगळाच. म्हणून औंदा ठरवलं की जिरेच, म्हणजे माशांची तीन दिवसांची बारकी पिल्लं, आणायचे न आपणच वाढवायचे. तळ्याच्या बाजूलाच १० बाय २० मीटरचा खड्डा घेतला, पन्नी टाकली, बोअरचं पाणी भरलं, चार फूट.
पाण्यात एक ट्रॉली शेणखत टाकलं, वरून थोडा युरिया. वीस-बावीस दिवसात पाणी असं हिरवं झालं की हात बुडवला तर कोपर दिसंना. जिरेवाल्याला फोटो पाठवला, तो म्हणे एक नंबर पाणी, बिनधास्त सोडा. संध्याकाळी पिशव्या अर्धा तास तरंगत ठेवल्या, त्यात तळ्यातलं पाणी थोडं थोडं मिसळलं आन मग सोडले. पहिल्या दिवशी काठाला नुसती झुंबड, दुसऱ्या दिवशी कमी, चौथ्या दिवशी बायको म्हणे तुमचे मासे गावाला गेले का काय. जाळी ओढली तर शेवाळ न किडे. मेलेला एक पण वर आला नाही, हेच कळू नाही राहिलं. दोन लाख जीव जातात कुठं?
पाणी हिरवं म्हणजे खाद्य असतं ना? पोरगा व्हिडिओ बघून म्हणू राहिला की समुद्राच्या माशांची पिल्लं वाढवणारे आर्टेमिया म्हणून कोळंबीसारखा बारका जीव असतो त्याची डब्यातली अंडी उबवून घालतात, तो डबा मागवू का? १२ दिवसांनी दुसरी खेप बुक आहे, ऍडव्हान्स देऊन बसलोय, म्हणून घाई.

गंगाखेडकर:
दादा, उकडलेल्या अंड्याचा बलक मलमलच्या फडक्यातून पिळून द्या. आमच्याकडं घरच्या टाकीतल्या पिल्लांना तेच देतात. डबेबिबे काही लागत नाहीत.

जुना_जाळेवाला:
बलक काचेच्या टाकीत ठीक, रोज पाणी बदलता येतं. दोन गुंठ्याच्या तळ्यात घातला तर नासेल नुसता.
तळेवाले, मला आधी तीन गोष्टी सांगा. पाणी भरल्यापासून जिरे सोडेपर्यंत नेमके किती दिवस गेले? जाळीत किडे आले म्हणता ते कसले? पहाटे पाच-साडेपाचला तळ्यावर कधी गेलता का? आणि आज रात्री एक काम करा, काचेचा ग्लास तळ्यात बुडवून भरा, मागून बॅटरी लावा आणि दोन मिनिटं बघत बसा. काय दिसतंय ते जसंच्या तसं लिहा, तुमचा अंदाज नको.

तळेवाला_अंबड:
काका, २३ दिवस गेलते. पहाटे नाही गेलो कधी, खोटं कशाला बोलू.
आत्ता बॅटरी घेऊन जाऊन आलो. ग्लासात पाणी हिरवं, त्यात पांढरे कण झटके देत पळतात, काहींच्या शेपटीपाशी दोन बारक्या पिशव्या लोंबतात. ग्लास चार वेळा भरला, चारही वेळा तेच. तळ्यावर बॅटरी मारली तर उताणे पोहणारे किडे, लांब पाय वल्ह्यासारखे मारतात, वर येतात, बूड पाण्याबाहेर काढतात न परत खाली. शेकड्यानं आहेत हो. एक पकडून ग्लासात टाकला. बादलीत नमुन्याला ठेवलेले पाच-सहा जिरे अजून जिवंत होते त्यातला एक सोडला. त्या किड्यानं पुढच्या पायात धरला न तोंड लावलं, अर्ध्या मिनिटात जिऱ्याचं नुसतं पांढरं साल राहिलं. पोरगा बघून जेवला नाही.

जुना_जाळेवाला:
मग तुमचे जिरे कुठं गेले ते तुम्हीच बघितलं की.
आता नीट ऐका. हिरवं पाणी म्हणजे शेवाळाचा बारीक अंश, वनस्पती. तीन दिवसाचा जिरा ते खाऊन वाढत नाही, त्याला हलतं खाद्य लागतं, जिवंत. खतावलेल्या पाण्यात त्याचा क्रम ठरलेला असतो. पहिल्या आठवड्यात रोटिफर येतात, पिठासारखे, नुसत्या डोळ्याला धूळ वाटते. मागून मोइना, म्हणजे पाणपिसू, बाजरीच्या दाण्यापेक्षा बारीक. आणि पाणी जुनं झालं की सायक्लॉप्स, ते तुमचे दोन पिशव्यावाले, त्या अंड्याच्या पिशव्या असतात. जिऱ्याच्या तोंडात मावतात ते रोटिफर आणि मोइनाची पिल्लं. तुम्ही २३ दिवस थांबलात, तोवर ताटातलं जेवण संपलं होतं आणि जेवणारे दुसरेच बसले होते. सायक्लॉप्स मोठा झाला की जिऱ्यालाच डसतो. उताणा पोहणारा तो नोटोनेक्टाच्या जातीतला किडा, त्याची गोष्ट तर तुम्ही ग्लासात बघितलीच. मेलेले वर का आले नाहीत? खाल्लेला जिरा काय वर येणार.
शिवाय ट्रॉलीभर शेण दोन गुंठ्याला म्हणजे अति झालं. हेक्टरी ५ ते १० टन धरतात, तुमच्या खड्ड्याला १०० ते २०० किलो बस झालं. एवढ्या शेणानं पहाटे ऑक्सिजन पण बसला असणार. आणि २ लाख पण जास्तच, मातीच्या तळ्यात हेक्टरी ३० ते ५० लाख सोडतात, म्हणजे तुम्हाला ६० हजार ते १ लाख.

औसेकर_खाऱ्यापाण्यात:
मूळ लातूर जिल्ह्यातला, सध्या तमिळनाडूच्या किनाऱ्याला जिताड्याच्या, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या माशाच्या, हॅचरीत पिल्लं काढायचं काम करायलोय. आर्टेमियाचं मी सांगतो. तो डबा आणू नका भाऊ. ती अंडी खाऱ्या तलावातली, बराचसा माल अमेरिकेतल्या ग्रेट सॉल्ट लेकचा, महाग बी तेवढाच. मिठाच्या पाण्यात चोवीस तासात फुटतात खरी, पण गोड्या पाण्यात ती पिल्लं काही तासच जगतात, मग तळाला मरून पाणी घाण करतात. आमच्याकडं पाणीच खारं म्हणून चालतं.
आमचं दुखणं तुमच्यापेक्षा मोठं आहे. जिताड्याचं पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा जेमतेम दीड मिलिमीटर. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तोंड उघडतं आणि त्या तोंडात रोटिफरच मावतो, आर्टेमिया आठ-दहा दिवसांनी. मग आधी शेवाळ वाढवा, शेवाळावर रोटिफर पोसा, रोटिफर पिल्लाला घाला, म्हणजे एका माशासाठी दोन गोठे सांभाळायचे. शेवाळाची टाकी बसली की तिसऱ्या दिवशी पिल्लं बसली. आणि आर्टेमियात डीएचए नावाची चरबी नसल्यातच जमा असते, ती वरून पाजावी लागते, नाहीतर पिल्लं दिसायला बरी आणि हात लावला की मरतात. म्हणून काही ठिकाणी उघड्यावरच्या मोठ्या टाक्यात खत घालून जिवंत खाद्य आपोआप उठवतात आणि पिल्लं त्यातच सोडतात. तुम्ही करायलात ते तेच आहे, फक्त गोडं. पिल्लाच्या तोंडाचा आकार आणि पाण्यातल्या जीवाचा आकार एकाच दिवशी जुळला पाहिजे, आम्ही पगार त्याचाच घेतो.

बारव_बघणारी:
विषय सोडून लिहितेय, माफ करा. दोन पिशव्यावाला सायक्लॉप्स वाचलं आणि आजोबा आठवले. त्यांच्या पिंढरीवर नारूचा, म्हणजे पायातून बाहेर निघणाऱ्या लांब जंताचा, वण होता. पायऱ्यांच्या बारवेत माणसं उतरून पाणी भरायची, नारूचा जंतू ह्याच सायक्लॉप्समधून पोटात जायचा, म्हणून फडक्यानं गाळून प्यायला सांगायचे. भारत २००० साली नारूमुक्त जाहीर झाला. आजी तरी शेवटपर्यंत हंड्याला दुहेरी फडकं बांधायची, बोअरच्या पाण्याला सुद्धा.

तळेवाला_अंबड:
ताई, आमच्याकडं पण चुलत आजोबांना होता, काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचे म्हणे.
काका, आता पुढं काय करू? कृषी सेवा केंद्रवाला म्हणतो कीटकनाशक मारा, किडे एका दिवसात साफ.

जुना_जाळेवाला:
किडे साफ, मोइना पण साफ, मग जिऱ्यांना काय तुमची मोसंबी घालणार का? औषध नको.
खड्डा रिकामा करा. जीव जळतो माहितीये, आपल्याकडं जुलैत पाणी सोडून द्या म्हणणं म्हणजे पापच, पण ते शेणाचं पाणी मोसंबीला सोडा, वाया काही जात नाही. पन्नी तीन दिवस उन्हात वाळू द्या. चुना मारू नका, आपलं बोअरचं पाणी आधीच जड. खेप यायच्या सहा दिवस आधी नवं पाणी भरा, तोटीला दुहेरी बारीक जाळी बांधा आणि पाणी उंचावरून पडू द्या, बोअरच्या पाण्यात हवा कमी असते.
आता मुख्य. मातीच्या तळ्यात रोटिफरची अंडी गाळात पडलेली असतात, पन्नीवर काय असणार? म्हणून विरजण लावायचं. गावातल्या पाझर तलावाचं पंधरा-वीस बादल्या पाणी मच्छरदाणीतून गाळून आणून ओता. किडे, बेडकाची पिल्लं मच्छरदाणीत अडकतात, बारीक जीव खाली येतात. थोडे सायक्लॉप्स येतील, येऊ द्या, आठवड्यात त्यांची वस्ती होत नाही.
खत म्हणून १५ किलो शेंगदाणा पेंड, ४ किलो शेण, १ किलो सिंगल सुपर फॉस्फेट एकत्र भिजवा. आंबट वास यायला लागला की पातळ करून निम्मं जिरे सोडायच्या तीन दिवस आधी फिरवा, उरलेलं खत नंतर, पाण्याकडं बघून, थोडं थोडं. युरिया नाही.
जिरे सोडायच्या आदल्या दिवशी वारा नसताना सव्वा किलो खाद्यतेल आणि पावणेचारशे ग्रॅम कपड्याचा साबण गरम पाण्यात घोटून पृष्ठभागावर शिंपडा. ते किडे बूड वर काढतात ते श्वासासाठी, तेलाचा थर लागला की गुदमरून मरतात. जिरे आणि मोइना पाण्यातूनच श्वास घेतात, त्यांना काही होत नाही. वारा असेल तर तेल एका काठाला गोळा होतं आणि किडे दुसऱ्या काठाला मजेत राहतात, म्हणून वाऱ्याचं सांगितलं.
खाद्य किती झालं ते मोजायला स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडून सगळ्यात बारीक जाळी आणून पिशवी शिवा, तिच्यातून ५० लिटर पाणी ओता, पिशवीच्या तळाला मापाच्या खुणा असलेली बारीक नळी बांधा. चिमूटभर मीठ टाकलं की जीव खाली बसतात. एक ते दीड मिलि साचलं की सोडा जिरे. कमी भरलं तर खेप दोन दिवस ढकला, जिरेवाला कितीबी ओरडू दे.

तळेवाला_अंबड:
उशिरा लिहू राहिलो, माफी. सांगितलं तसंच केलं. पहिल्यांदा मोजलं तर अर्धा मिलि पण नाही, खेप दोन दिवस ढकलली, तो ओरडलाच. मग सव्वा मिलि भरलं. ह्या खेपेला ८० हजारच आणले, दिवस उगवायच्या आत सोडले. तेल मारल्यावर सकाळी काठाला मेलेल्या किड्यांची ओळ होती, पोरानं मोजायला घेतली, दोनशेच्या पुढं कंटाळला.
पाच दिवसांनी मोइना कमी दिसायला लागले म्हणून भाताचा कोंडा न पेंड निम्मी-निम्मी दळून, चाळून देऊ राहिलो, रोज किलोभर. आज नववा दिवस. सकाळी वाटी बुडवली तर वाटीत सात. भाताच्या शितापेक्षा लांब झालेत, डोळे काळेभोर, वाटी हलवली की सातही एकाच दिशेला तोंड करतात. बायकोला दाखवायला वाटी घरी नेली.
पण काल-आज पहाटे सगळे वर येऊन तोंड मारू राहिलेत आणि पाण्याला थोडा तांबूस रंग आलाय. आठ वाजता ऊन आलं की परत खाली जातात. परत काही बिघडलं का?

जुना_जाळेवाला:
ऑक्सिजन. आज-उद्या कोंडा-पेंड बंद, उरलेलं खत पण घालू नका. मोसंबीच्या तळ्यातलं पाणी मोटरनं ह्या खड्ड्यात उंचावरून सोडा, तोटीला जाळी विसरू नका, पहाटे तीन ते सात. ढगाळ असेल तर अजून लवकर. परवा ग्लास परत बघा आणि लिहा.

तळेवाला_अंबड:
ह्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीचीच आहे, बारा ते आठ. नेहमी शिव्या देतो, आज बरं वाटलं. अडीचचा गजर लावलाय.